होल्डर झाला की निघतो

माझे सगळ्यात जास्त जॉब ज्या माणसानं रिजेक्ट केले, त्याच्याविषयी लिहायला बसलोय. शाळा माझी चौथीपर्यंत. पुढचं सगळं लेथवर शिकलो, आणि शिकवणारे हेच. तेव्हा अक्षर कसं का असेना, त्यांच्याविषयी लिहायचा हक्क माझा आहे असं मी धरून चालतो. कोणाला तसं वाटत नसेल तर नसू दे.

कारखान्यात ते आमचे फोरमन. बाकीचे त्यांना सार म्हणायचे, मी अण्णा म्हणायचो. त्यांचं घराणं कितीतरी पिढ्या बेंगळुरातलं. मराठी घरापुरती उरलेली, आणि तिच्यात निम्मं कन्नड. मी आलो सीमेवरनं. पहिल्या दिवशी गाव विचारलं, मी बेळगाव म्हणालो. तेव्हापासून माझं नाव बेळगाव. खरं नाव माहीत होतं, हजेरीला बरोबर घ्यायचे. पण हाक मारायची तर, "एय बेळगाव, इकडं ये स्वल्प."

त्यांची रिजेक्ट करायची तऱ्हा वेगळी होती. ओरडायचे नाहीत. जॉब, म्हणजे लेथवर केलेला तुकडा, हातात घ्यायचे, अंगठ्याचं नख त्याच्या कडेवरनं फिरवायचे, आणि मग जुन्या पेपरात गुंडाळून, वर दोरा बांधून, चिवड्याच्या पुडीसारखा परत द्यायचे. "घरी घेऊन जा. बायकोला दाखव, दिवसभर काय केलंस ते." मी नेत होतो. माझी बायको ते तुकडे लोणच्याच्या बरणीवर, पापडाच्या कागदावर वजन म्हणून ठेवायची. एकदा म्हणाली, "एवढं लोखंड फुकट देतात, माणूस मनानं मोठा दिसतोय." मी तिला खरं सांगितलं नाही.

ते नख त्यांनी रिटायर झाल्यावरही सोडलं नाही. त्यांच्या घराजवळ, येलहंक्यात एका हॉटेलात आम्ही कॉफी प्यायला बसलो होतो. त्यांनी स्टीलच्या पेल्याच्या काठावरनं नख फिरवलं आणि वेटरला बोलावलं.

"याला बर आहे. धार राहिलीय काठाला."

वेटर कन्नडात म्हणाला, "सार, सगळे यातच पितात."

"म्हणून सगळ्यांचे ओठ तसे आहेत," अण्णा म्हणाले. खिशातनं बोटाएवढी कानस काढली आणि तिथंच टेबलावर पेल्याचा काठ घासून गुळगुळीत केला. कॉफी गार झाली. ती प्यायले, आणि दुसरा पेला मागितला. तोही घासला. मालक गल्ल्यावरनं बघत होता. पुढच्या खेपेला आम्ही गेलो तर आम्हाला कागदाच्या कपात कॉफी आली.

घर त्यांचं येलहंक्याच्या जुन्या भागात, कौलारू. पुढच्या खोलीत लोकांकडं सोफा असतो, यांच्याकडं लेथ. बंद पडलेल्या एका कारखान्यातनं आणलेली, जॉब धरून फिरवणाऱ्या चकजवळ खालची लोखंडी बेड झिजलेली, पण त्यांच्या हाताखाली सरळ वागणारी. आल्या-गेल्यानं लाकडी खोक्यावर बसायचं. चपला मात्र बाहेर काढायच्या, कारण घर ते घर. जमिनीवर लोखंडाचा कीस, आणि पाहुणा अनवाणी. दाराशी खिळ्याला एक चिमटा टांगलेला असायचा, पायात शिरलेलं काढायला. मी म्हणालो, "अण्णा, चपला घालू द्या की." ते म्हणाले, "बघून चालायला काय होतं तुला?"

राहुकाळ पाळायचे. राहुकाळात नवीन काम सुरू करायचं नाही, चालू असलेलं थांबवायची गरज नाही, हा त्यांचा नियम. मग काय करायचे, राहुकाळ लागायच्या जरा आधी मशीन रिकामीच चालू करून ठेवायचे. चक नुसता फिरतोय, टूल हवेत. तेवढ्यात घड्याळात राहुकाळ लागायचा, आणि मग जॉबला टूल लावायचे. काम आधीच सुरू झालेलं, मग दोष कुठला? राहूला फसवणारा माणूस मी दुसरा बघितला नाही.

त्यांच्या बायकोला आम्ही अक्का म्हणायचो. तिनं त्या किसात संसार केला. तिची एकच अट होती, संध्याकाळी देवापुढं दिवा लावला की मशीन बंद. अक्का गेली त्याला आता बरीच वर्षं झाली. दिवा लावणारं कोणी उरलं नाही. तरी दिवेलागणीला त्यांचा हात आपोआप स्विचकडं जायचा. मी ते बघितलंय, म्हणून सांगतो.

आता होल्डरचं.

लेथवर टूलचं टोक जॉबच्या बरोबर मध्यावर यावं लागतं. केसभर वर गेलं तर घासतं, खाली गेलं तर जॉब अंगावर घेतं. आम्ही आयुष्यभर टूलखाली पट्ट्या सारत आलो. हॅक्सॉच्या तुटक्या पात्याचे तुकडे, डब्याचा पत्रा, काही नाही मिळालं तर विडीच्या बंडलाचा कागद. टूल बदललं की परत पट्ट्या हुडका. होल्डर असला की ही कटकट नाही. मूठभर पोलादाचा ठोकळा तो. पुढच्या खाचेत टूल एकदा आवळायचं, उंची एकदा लावायची. मागं दुसरी खाच, तोंडाशी अरुंद आणि आत रुंद. त्या खाचेनं ठोकळा मशीनच्या पोस्टवर, म्हणजे टूल धरणाऱ्या खांबावर, वरनं सरकतो. सगळी गोम त्या मागच्या खाचेत. ढिली झाली तर कट घेताना टूल थरथरतं. घट्ट झाली तर सरकतच नाही.

मी म्हणालो, "अण्णा, एसपी रोडच्या बाजारात तयार मिळतो."

"कोणाच्या मशीनला तयार?"

"सगळ्या."

"सगळ्यांना होणारी चप्पल घालतोस का तू?"

त्यांनी गुजरीवाल्याकडनं, म्हणजे भंगारवाल्याकडनं, ट्रकच्या ॲक्सलचा तुकडा आणला आणि त्यातनं होल्डर करायला घेतला. या वयात कशाला, हे मी विचारलं नाही. मला कोणी विचारलेलं आवडलं नसतं.

त्याच सुमाराला ते चावीचं झालं. चक आवळायची चावी चकातच राहिली आणि त्यांनी मशीन चालू केली. हे आमच्यात शिकाऊ पोराकडनं झालं तर त्याला दिवसभर उभा करायचे, तेही हेच. चावी उडाली, कौल फोडून गेली आणि शेजारच्या अंगणात रांगोळीवर पडली. कोणाला लागलं नाही, नशीब. अण्णांच्या एका डोळ्याचं ऑपरेशन झालेलं, दुसऱ्या डोळ्यावर धूर. हात तर आधीपासनं कापायचा. मशीनवर टेकला की कापायचा थांबायचा, हे खरं.

त्यांची मुलगी शहराच्या दुसऱ्या टोकाला, एचएसआर लेआउटला असते. एकुलती एक. कुठल्याशा कंपनीत मोठ्या जागेवर आहे, पण बोलायला साधी. ती आली तेव्हा वर कौलाला भोक.

"अप्पा, हे काय?"

"माकड."

येलहंक्यात माकडं आहेत, ते खोटं नाही. पण येता येता शेजारणीनं तिच्या हातात चावी दिली होती. ती तिनं खोक्यावर ठेवली. "आणि ही पण माकडानंच फिरवली का?"

मी खोक्याच्या दुसऱ्या टोकाला बसलो होतो. मी कौलाकडं बघत राहिलो.

"पुरे आता अप्पा," ती म्हणाली. "माझ्याकडं चला. खोली तयार आहे. मला रात्री झोप लागत नाही हो, फोन वाजला की छातीत धस्स होतं."

अण्णांनी बराच वेळ हात पुसले. फडकं संपायचं, हात संपायचे नाहीत असे पुसले. मग म्हणाले, "हा होल्डर होऊ दे. झाला की त्याच दिवशी निघतो."

तिनं मान डोलावली. बापानं दिलेला शब्द कधी मोडलेला तिला माहीत नव्हता, मलाही नाही. लेथ काही तिच्या आठव्या मजल्यावरच्या घरात जाणार नव्हती. अण्णा गेले की खोलीला कुलूप, आणि थोड्या दिवसांनी गुजरीवाला. हे तिघांनाही कळत होतं.

त्यानंतर होल्डर होईना.

पहिल्याची खाच तिरकी गेली. दुसऱ्याला कटर मोडला, तो कटर घरी बनवण्यात पावसाळा गेला. कटर बनवायला एक छोटी दांडी लागत होती, तीही घरीच बनवली. तिसरा चांगला आला होता. तो कडक करायचा म्हणून न्हाणीघरातल्या बंबात लाल केला आणि तेलात टाकला, तर अंगात वाक आला. त्यांनी तो पेपरात गुंडाळला, दोरा बांधला आणि माझ्याकडं सरकवला. "घरी घेऊन जा."

"मी कशाला? तुमचा आहे."

"माझ्या घरी दाखवायला कोण आहे?"

मी घेऊन आलो. बायको असती तर तिनं वजनाला ठेवला असता.

लोक विचारतील, मुद्दाम बिघडवत होते का? मी एवढी वर्षं त्यांना ओळखतो. त्या माणसाचा हात मुद्दाम चुकीचा चालणार नाही. घाई करत नव्हते, एवढं म्हणा.

मग शेवटचा होल्डर. मी एका रविवारी गेलो, ते आत कॉफी करत होते. मशीनवर फडकं झाकलेलं. मी फडकं उचललं, होल्डर पोस्टवर ठेवला आणि सोडला. आपल्या वजनानं हळूहळू खाली उतरला, कुठं अडकला नाही, कुठं हलला नाही. हात लावून बघितला. काही बाकी नव्हतं. मी फडकं होतं तसं ठेवलं. अण्णा पेले घेऊन आले, मशीनकडं बघितलं, माझ्याकडं बघितलं.

"स्वल्प स्क्रेपिंग बाकी आहे," म्हणाले.

"असेल," मी म्हणालो.

पुढच्या रविवारी तेच. त्याच्या पुढच्या रविवारी तेच. स्क्रेपर खाचेत घालायचे, पोलादाला जेमतेम शिवायचे, फुंकर मारायचे, परत फडकं. आणि आम्ही कॉफी प्यायचो. मला त्याचा काही त्रास नव्हता. मी होसकोट्याहून दोन बस बदलून यायचो ते काही होल्डर बघायला नाही.

शेवटी मुलीचा फोन मला आला.

"काका, अप्पा म्हणतात अजून बाकी आहे. मला त्यातलं कळत नाही. तुम्ही बघा. तुम्ही झाला म्हणालात तर झाला, नाही म्हणालात तर नाही. मी परत विचारणार नाही. अप्पांनाही तसंच सांगितलंय."

"काय म्हणाले?"

"सरी म्हणाले. चालेल म्हणाले. म्हणाले, बेळगावला जॉब बघायला मीच शिकवलंय."

माझी एक गोष्ट आहे. शिक्षण नाही, पैसा नाही, पण मी चांगल्याला वाईट आणि वाईटाला चांगलं कधी म्हणालो नाही. यापायी दोन ठिकाणची नोकरी सोडलीय. बसमध्ये बसल्यावर मला आधी राग आला, की या बापलेकीनं मला मध्ये का घातलं. नंतर राग पण दमला. दोन बस आणि मधली चाल, गुडघे आता बोलायला लागलेत.

अण्णा त्या दिवशी इस्त्रीचा शर्ट घालून होते. मुलगी खोक्यावर बसलेली. त्यांनी फडकं काढलं आणि बाजूला झाले.

मी नीट बघितलं. कोणी नाव ठेवायला नको की न बघताच सांगितलं. पोस्टला निळी शाई फासली, होल्डर सरकवला, काढला, खाच उजेडात धरली. शाई दोन्ही बाजूंना सारखी लागलेली, वरपासनं खालपर्यंत, कुठं कोरं नाही. असं काम मी स्वतः उभ्या आयुष्यात दोनदा-तीनदा केलं असेल. अण्णा पाठीशी उभे होते, एका हातानं दुसरा हात धरून.

मी होसकोट्याला मुलाकडं राहतो. मुलगा चांगला, सून चांगली, जेवायला विचारतात, औषध विचारतात. बाल्कनीत खुर्ची आहे. सकाळी ती खुर्ची, दुपारी ती खुर्ची. खाली गाड्या जातात त्या बघायच्या. चहा येतो. कोणी काही काम सांगत नाही, आणि मी हाताला काय येतं हे सांगायला गेलो तर म्हणतात, बाबा, आराम करा. आरामानं माणूस किती दमतो हे मला विचारा.

मी होल्डर खाली ठेवला.

"रिजेक्ट," मी म्हणालो.

मुलगी म्हणाली, "काका, नक्की?"

"ढिला आहे. हलका कट चालेल, जोराचा घेतला की हलणार. परत करावा लागेल."

तिनं डोळे मिटले, पण शब्दाला जागली. "ठीक आहे," म्हणाली, आणि पर्स उचलायला लागली.

मला वाटलं, सुटले. अण्णा काही बोलणार नाहीत. होल्डर फडक्यात जाईल, पुढच्या रविवारी कॉफी. पण अण्णा पुढं आले आणि होल्डर उचलला.

"कुठं ढिला?"

"आहे अण्णा. स्वल्प."

"स्वल्प म्हणजे किती?"

"हाताला लागतंय."

"कुठल्या हाताला लागतंय? दाखव."

मी त्यांच्याकडं बघितलं, की समजून घ्या. त्यांनी समजून घेतलं, मला खात्री आहे. समजलं म्हणूनच तोंड लाल झालं. त्यांनी कोपऱ्यातनं मनगटाएवढा जाड बार उचलला, चकात घातला, आवळला. चावी काढून खिडकीत ठेवली. होल्डरमध्ये कापायचं टूल लावलं, पानासारखं पातळ. हे असलं टूल जाड बारात घालून बार तोडायचा, ही होल्डरची खरी परीक्षा. होल्डरमध्ये केसभर जरी ढील असेल तर टूल किंचाळतं, अडकतं आणि मोडतं. मोडलेला तुकडा कुठं उडेल ते सांगता येत नाही.

"अप्पा, नको," मुलगी उभी राहिली.

"बस तू."

वाकून टूल जुळवताना त्यांचं तोंड माझ्या कानाजवळ आलं. हळूच म्हणाले, "तुझा जॉब मी कधी खोटा पास केला?"

"नाही अण्णा."

"मग माझा खोटा रिजेक्ट कसा करतोस?"

माझ्याकडं उत्तर होतं, पण ते त्या खोलीत बोलण्यासारखं नव्हतं.

त्यांनी मशीन चालू केली. ब्रशनं तेल सोडत टूल बारात घातलं. हात हँडलवर टेकला आणि थरथर थांबली. किंचाळी आली नाही. तव्यावर मंद आचेवर काही भाजत असावं तसा आवाज, एकसारखा. पातळ कीस गुंडाळत बाहेर येत होता. टूल आत, आणखी आत, दिसेनासं झालं. मुलीनं कानावर हात ठेवले होते, ते तिनं काढले. मग टप्प करून चकती ट्रेमध्ये पडली.

अण्णांनी मशीन बंद केली, फडक्यानं चकती उचलली आणि माझ्यापुढं धरली. गरम होती. तोंड आरशासारखं. नख फिरवायची गरज नव्हती, तरी मी फिरवलं.

"आता सांग."

"पास," मी म्हणालो.

"मोठ्यानं."

"पास आहे, अण्णा."

मुलगी आमच्या दोघांकडं आळीपाळीनं बघत होती. काही तरी झालं एवढं तिला कळलं, काय झालं ते कळलं की नाही कोण जाणे. तिच्यासाठी तर चांगलंच झालं होतं, पण ती हसली नाही. बापाजवळ गेली आणि नुसती उभी राहिली.

अण्णांनी ट्रेमधला कीस झाडला. बेड पुसली. मग खालच्या कप्प्यातनं ग्रीसचा डबा काढला आणि बोटानं बेडला ग्रीस लावायला लागले, जाड, टोकापासनं टोकापर्यंत. रोजच्या मशीनला आम्ही तेल लावतो. ग्रीस लावतो ते जिला आता बराच काळ कोणी हात लावणार नाही तिला, गंज चढू नये म्हणून. मी मदतीला पुढं झालो तर कोपरानं बाजूला केलं.

शेवटच्या टोकाला आले तेव्हा पाठमोरेच म्हणाले, "तुझ्याकडं पाणी कुठलं आहे? कावेरी की बोअर?"

मुलगी म्हणाली, "टँकर, अप्पा."

"सरी," अण्णा म्हणाले, आणि डब्याचं झाकण लावलं.